साध्या फाईलीत रेघ राहत नाही

बाबांचं पुस्तक छापायचं ठरलं तेव्हा प्रेसवाल्यानं एकच अट घातली. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत त्याचे दोन कॉम्प्युटर असतात. तो म्हणाला, "ताई, वर्डची फाईल मत लाओ. सादी टेक्स्ट फाईल द्या. वर्डची घेतली की माझ्याकडं पानंच्या पानं सरकतात." ठळक अक्षरं नकोत, रंग नकोत, चौकटी नकोत, नुसता मजकूर हवा. सजावट काय करायची ती तो करणार.

मला तिथंच चीड आली. काम अवघड होतं म्हणून नाही. शेंद्र्याच्या कंपनीत क्वालिटी विभागात मी दिवसभर याहून किचकट कागद हाताळते. चीड आली ती हे बाबांना सांगायचं कोणी, याची. बाबा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. वैजापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये ते दोन बोटांनी टायपिंग शिकले आणि तीन वर्षं खपून त्यांनी आपलं आयुष्य लिहून काढलं. चाळीस प्रकरणं, चाळीस फायली. प्रत्येक प्रकरणाचं नाव लाल, मधोमध, खाली दुहेरी रेघ, आणि भोवती प्रशस्तिपत्रकावर असते तशी नक्षीची चौकट. चौकट करायला ते माझ्याकडून शिकले होते आणि शिकल्यावर थांबायला तयार नव्हते.

मी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाले की माणसाला चारचौघांत नेसत्या वस्त्रानिशी उभं करण्याचीसुद्धा या लोकांची तयारी नाही. मी म्हटलं, प्रेसवाला नवीन कपडे शिवणार आहे. ते म्हणाले, त्याला आमचं माप कुठं माहीत आहे.

पहिल्या रविवारी सकाळी मी बसले. 'सेव्ह ॲज' केलं, खालच्या यादीतून 'प्लेन टेक्स्ट' निवडलं, तर एक खिडकी उघडली. तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं की सगळी सजावट, चित्रं वगैरे जातील. माहीत आहे बाई, त्यासाठीच तर बसलेय, असं म्हणून मी ओके दाबलं. फाईल उघडून बघते तर पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रश्नचिन्हं. बाबांचा जन्म प्रश्नचिन्ह, त्यांची शाळा प्रश्नचिन्ह, आजोबांनी वस्तीवरच्या लोकांना जमवून बांधलेल्या विहाराचं अख्खं पान म्हणजे प्रश्नचिन्हांच्या रांगा. मधूनमधून तेवढे पूर्णविराम धड होते. माझं डोकंच फिरलं. जगातल्या कोट्यवधी माणसांची लिपी या यंत्राला आपण होऊन ओळखता येत नाही. तिथल्या एका बारीक यादीत जाऊन, आम्हीपण आहोत हो, असं आपणच हात वर करून सांगायचं. ती यादी सापडली, युनिकोड निवडलं, तेव्हा कुठं अक्षरं आली. त्या एका खिडकीनं माझी अख्खी सकाळ खाल्ली. कंपनीत एखाद्या मशीननं असा माल काढला असता तर मी तिथल्या तिथं लाल स्टिकर लावला असता.

मग मात्र काम भराभर झालं. संध्याकाळपर्यंत चाळीसच्या चाळीस फायली साध्या झाल्या. एकही वाचली नाही. वाचायचं काय त्यात, असं मला वाटलं होतं. बाबांचे प्रसंग लहानपणापासून आम्हाला तोंडपाठ होते.

इथं बाबांची एक सवय सांगायला हवी. शाळेच्या रजिस्टरात चुकलं तर पुसायचं नसतं. रबर नाही, ब्लेडनं खरवडणं नाही, पांढरी शाई तर पापच. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला छोटी सही करून तारीख टाकायची. या एका नियमावरून बाबांनी किती तरुण शिक्षकांना रडवलं असेल. तोच नियम त्यांनी कॉम्प्युटरवर आणला. लिहिलेलं नको वाटलं तरी ते काही काढून टाकत नसत. वाक्य निवडायचं, वरच्या पट्टीतलं रेघेचं बटण दाबायचं की वाक्यावर आडवी रेघ येते, आणि पुढं कंसात आपली आद्याक्षरं. मी कितीदा म्हटलं, बाबा, डिलीट करा ना, इथं कोण तपासणीला येणार आहे. ते म्हणायचे, पुसणं म्हणजे लबाडी.

या फायलींची वाट बघणारं घरात आणखी एक माणूस होतं. आई. काचबिंदूनं तिचा एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्याला आता फक्त खिडकी कुठं आहे एवढं कळतं. तीन वर्षं बाबा शेजारच्या खोलीत टकटक करत होते आणि ती विचारत होती, काय लिहिलं, वाचून दाखवा की. बाबा म्हणायचे, पुस्तक झाल्यावर. ती मला म्हणायची, पुस्तक झाल्यावर मी काय ते हुंगू? तिच्या फोनमध्ये मी वाचून दाखवणारं ॲप घातलं होतं, पण बाबांच्या फायलींतली चौकट आली की तो बिचारा फोन मुका व्हायचा. आता साध्या फायली झाल्यावर मी त्या सगळ्या तिच्या फोनमध्ये टाकल्या. बाबांना विचारलं नाही. आईला विचारायचं सोडून बाबांना काय विचारायचं, असा माझा हिशेब होता, आणि अजूनही आहे.

पुढचा आठवडाभर मी कंपनीत गेले की आई दिवाणावर बसून रोज एकदोन प्रकरणं ऐकायची. फोनमधल्या बाईचा आवाज सपाट, लग्न असो की मरण, एकाच सुरात सांगणारा. आईला ती बाई आवडली होती. मधे रडत नाय, मधे शहाणपणा सांगत नाय, म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी मी घरी आले तर ती हसत होती. बाबा लहान असताना एका विस्तार अधिकाऱ्यानं त्यांची शाळा तपासायला येऊन दोन कोंबड्या खाल्ल्या आणि शेरा मारला की मुलांना पाढे येत नाहीत, यांनी त्याला 'ढ' म्हटलंय, हे छापणार हायेत का, असं तिनं विचारलं. मला शंका आली. वर्डची मूळ फाईल उघडली. 'ढ' असलेल्या त्या वाक्यावर आडवी रेघ होती आणि पुढं बाबांची आद्याक्षरं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं काय झालं ते. साध्या फाईलीत ठळक अक्षर राहत नाही, लाल रंग राहत नाही, तशी रेघही राहत नाही. बाबांनी खोडलेलं प्रत्येक वाक्य जिवंत होऊन बाकीच्या वाक्यांच्या ओळीत येऊन बसलं होतं. त्या खिडकीनं मला चित्रं जातील हे सांगितलं, पण जे नको म्हटलंय ते परत येईल, हे कुठं सांगितलं होतं? आता चाळीस प्रकरणं मूळ फायलींशी ताडून, एकेक खोडलेलं वाक्य हातानं काढणं आलं. मी यंत्राला, यंत्र बनवणाऱ्यांना आणि शेवटी रजिस्टरच्या त्या नियमाला मनसोक्त शिव्या घातल्या.

बाबांनाही जाऊन सांगितलं, जरा रागातच. की तुम्ही डिलीट केलं असतं तर माझे दोन रविवार वाचले असते. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, माझ्या दोन रविवारांसाठी. त्यांनी विचारलं, "तिच्या फोनमध्ये आहेत का त्या फायली?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, आधी तिथल्या काढून टाक, चुकीचा मजकूर कशाला ऐकायचा तिनं. मी म्हटलं, उद्या बघू. मला वाटलं, त्या अधिकाऱ्याच्या घरचं कुणी ऐकेल म्हणून घाबरले असतील. मी चिडलेली होते, त्यामुळे मुद्दामच काढल्या नाहीत. या एका गोष्टीसाठी मी माझ्या चिडण्याचे आभार मानते.

रविवारी सकाळी बाबा विहारात वंदनेला गेले. मी टेबलाशी मूळ फाईल आणि साधी फाईल शेजारी शेजारी ठेवून तिसरं प्रकरण ताडत होते. आई दिवाणावर पाय घेऊन बसली होती. तिचं अकरावं सुरू झालं होतं, बाबांना मास्तरकीच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला ते.

हा प्रसंग आमच्या घरात शेकडो वेळा सांगून झालेला. दोघंही मॅट्रिक झालेले, नवं लग्न. आई तर वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. दोघांनी एकदमच अर्ज भरले होते. बाबांचा नंबर लागला, आईचा लागला नाही. बाबा शहरात शिकायला आले, आई गावात राहिली. कपाशी वेचली, सासू-सासऱ्यांचं केलं, आम्हाला वाढवलं आणि पुढं वीसेक वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवली. लहानपणी गणित अडलं की मी पाटी घेऊन तिच्याकडं जायचे. ती म्हणायची, मला नाय येत बाई, माझं गणित कच्चं हाय, म्हणून तर नंबर नाय लागला, बाबाला विचार. गणित कच्चं, हे तिला कोणी सांगितलं होतं? बाबांनी. आम्ही कुणी कधी विचारलं नाही की मॅट्रिकला किती गुण होते. घरात तो प्रश्नच नव्हता.

फोनमधली बाई वाचत होती. बाबांचा अर्ज, बाबांची वाट पाहणं, पोस्टमन. आणि मग त्याच सपाट आवाजात:

"त्या दिवशी दोन पत्रे आली. तिचाही नंबर लागला होता. दोन्ही पत्रे माझ्याच हातात पडली. तिचे पत्र मी तिला दाखवले नाही. घरातून एकानेच बाहेर पडणे शक्य आहे असे तेव्हा मला वाटले."

पुढं तिनं बाबांची आद्याक्षरं एकेक करून वाचली, आणि प्रशिक्षणाचा पहिला दिवस सुरू केला.

माझे हात कीबोर्डवरच राहिले. आईनं चाचपडून फोन थांबवला. मला म्हणाली, मागं घे. मी मागं घेतलं. तिनं पुन्हा ऐकलं. परत मागं घ्यायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "ह्याच्यावर रेघ हाय का?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी मूळ फाईल उघडली. पाचही वाक्यांवर सरळ आडवी रेघ होती. खालचं नीट वाचता येत होतं, अगदी नियमाप्रमाणे.

"हाय," मी म्हटलं.

"मंग मला कसं ऐकू आलं?"

साध्या फाईलीत रेघ राहत नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली. बरं झालं, म्हणाली, आणि पदराला हात पुसत बसली. हाताला काही लागलेलं नव्हतं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी सरळ सांगते. मला बाबांचा संताप आला. आयुष्यात कधी आला नव्हता एवढा. हा माणूस गावोगाव उन्हातान्हात फिरून, लोकांच्या पाया पडून, पोरी शाळेत घालायचा. मला दहावीला कमी गुण पडले तर दोन दिवस जेवला नव्हता. ज्या सभेत जाईल तिथं बाईच्या शिक्षणावर बोलायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि खाली सतरंजीवर माझी आईपण वाजवायची. आणि घरात एक पत्र होतं. ते लपवलं ते लपवलं, वर तिला गणितात कच्ची ठरवलं. आणि म्हातारपणी एकदा खरं लिहायची हिंमत झाली, तर त्यावर रेघ मारून मोकळे. पुसणं म्हणजे लबाडी म्हणे. मग हे काय होतं?

बाबा आले तेव्हा आई तिथंच बसलेली होती. त्यांनी दारात चपला काढल्या, फोनकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्यांना कळलं. आईनं काही न बोलता बटण दाबलं. फोनमधल्या बाईनं ती पाच वाक्यं त्यांना ऐकवली.

बाबा म्हणाले, "ते खोडलेलं आहे. ते धरायचं नाही."

आई म्हणाली, "मला रेघ दिसत नाय."

त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. तेव्हाची परिस्थिती, त्यांच्या आईचं आजारपण, एकाच्याच शिक्षणाचा खर्च झेपत होता, तू शहरात एकटी कशी राहिली असतीस. आई ऐकत राहिली. पुस्तकातून ते काढून टाकू, असंही ते म्हणाले, आता लोकांना कशाला. मी तोंड उघडणार होते, पण आईचं ठरलं होतं. ती म्हणाली, "काढायचं नाय. तुम्ही मास्तर हाव. खोडलेलं परत धरायचं असंल तर काय लिवत्यात, ते लिवा."

तसा एक नियम आहे. रद्द केलेली नोंद पुन्हा खरी धरायची असेल तर तिच्याखाली तसं लिहून सही करावी लागते. संसारभर बाबांच्या तोंडून रजिस्टरं ऐकून आईलाही तो पाठ होता.

बाबा टेबलाशी बसले. मी अकराव्या प्रकरणाची साधी फाईल त्यांच्यापुढे उघडून दिली. त्यांनी चष्मा लावला. मग दोन बोटांनी त्यांनी त्या पाच वाक्यांखाली लिहिलं, 'वरील मजकूर कायम समजावा.' पुढं आद्याक्षरं.

माझी तिडीक पुन्हा मस्तकात गेली. माफी नाही. 'मी' सुद्धा नाही. कायम समजावा म्हणे, जसं काही हजेरीत एखाद्या पोराची चुकून गैरहजेरी लागली होती. मी म्हटलं, "बाबा, एवढंच?" आईनं हात वर करून मला गप्प बसवलं.

"लिवलं का?" तिनं विचारलं.

"लिहिलं," मी म्हटलं.

"तारीख?"

तारीख राहिली होती. ज्या चुकीसाठी त्यांनी आयुष्यभर माणसं फैलावर घेतली, ती त्यांनी केली होती. बाबांनी तारीख टाकली.

"यादीत माझा नंबर कितवा व्हता?" आईनं विचारलं.

बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. आठवावं लागलं नाही, हे मला दिसत होतं. 

"सातवा," ते म्हणाले.

"आन् तुमचा?"

"एकोणतिसावा."

"मंग ते बी लिवा."

बाबांनी ते लिहिलं. 'तिचा नंबर सातवा होता, माझा एकोणतिसावा.' लिहून झाल्यावर सवयीनं त्यांनी ते वाक्य निवडलं आणि बाण वरच्या पट्टीत नेला. रेघेसाठी की ठळक करण्यासाठी, ते मी विचारलं नाही. साध्या फाईलीत दोन्हीपैकी कुठलंच बटण नसतं. त्यांनी हात खाली घेतला.

मी नवी फाईल आईच्या फोनमध्ये टाकली. तिनं अकरावं प्रकरण पहिल्यापासून लावलं. अर्ज आला, पोस्टमन आला, दोन पत्रं आली, मजकूर कायम झाला, तारीख झाली. सातवा, असं बाई म्हणाली तेव्हा आईनं फोन थांबवला. बाबा अजून खुर्चीतच होते. पण ती त्यांच्याशी बोलत नव्हती, माझ्याशीही नाही.

"म्हंजी," ती म्हणाली, "गणित कच्चं नव्हतं माझं."